लालसूच्या तीनचाकीचा चिमटा

इंदुताई नन्नावरे चंद्रपुरात यंत्रांची ड्रॉइंगं काढायच्या, आणि त्यांच्या हातचं ड्रॉइंग एमआयडीसीत कुठेही ओळखू यायचं. मापांचे आकडे एका रांगेत, बाण नेटके, कागदावर कुठे गर्दी नाही. वेल्डर लोक म्हणायचे, ताईंचा कागद उन्हात धरला तरी वाचता येतो.

चिमूरजवळच्या खेड्यातून त्या आयटीआयला आल्या, तेव्हा आरेखकाच्या वर्गात एकटीच मुलगी. ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघ मारायची, आणि चुकली तर दाढीच्या ब्लेडने हलकेच खरवडायची, हे त्या तिथे शिकल्या. लग्न होऊन ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आल्या आणि धनराजभाऊंच्या ऑफिसात लागल्या. खाली फॅब्रिकेशनची शेड, वर ड्रॉइंगची खोली. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांचे स्टँड, कोळसा घसरवायच्या लोखंडी नाळी, जाळ्या, शिड्या असलं काम. पुढे ड्रॉइंगचा लाकडी बोर्ड गेला आणि कॉम्प्युटर आला. त्यानंतर कॉम्प्युटरवरच्या सपाट रेघाही गेल्या, आणि पडद्यावर वस्तू अख्खी फिरवून बघता येऊ लागली. दरवेळी इंदुताई आधी रुसल्या, मग शिकल्या.

आता चौपन्नाव्या वर्षी चौथं काहीतरी आलं. धनराजभाऊंनी कॅडचं, म्हणजे ड्रॉइंग काढायचं, नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता होती. दिव्यानी नावाची इंजिनियर मुलगी वर्षभरापूर्वी ऑफिसात लागली होती. तिने सगळ्यांना ते करून दाखवलं. वस्तू कुठे बसणार, तिच्यावर किती भार येणार, लोखंड कोणतं, एवढं सांगायचं. मग कॉम्प्युटर स्वतःच आकार शोधतो. एक नाही, डझनावारी. आणि पसंत पडला की त्याचं ड्रॉइंगही मापांसकट मांडून देतो.

मापं मांडणं हा इंदुताईंचा जीव की प्राण. पडद्यावर ते आकडे आपोआप जाऊन जागेवर बसताना त्या बघत राहिल्या. संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याच्या, नानाजींच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि वरणात मीठ घालायचं राहिलंय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. नानाजी पॉवर हाऊसमध्ये कामाला, मोजकं बोलणारे. त्यांनी मीठ स्वतःच घेतलं.

"तू बोर्ड सोडला तवाबी अशीच बसली होती," ते म्हणाले. "मंग कॉम्प्युटरले शिव्या देऊन राह्यली होती. अन् महिन्यानं मलेच शिकवून राह्यली होती."

इंदुताईंना हसू आलं, पण धास्ती गेली नाही. त्या नव्या सॉफ्टवेअरला त्यांनी पंधरा दिवस हात लावला नाही.

लावला तो लालसूमुळे.

लालसू एटापल्लीच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावचा माडिया आदिवासी माणूस. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले, पण दंड असे की बैल ओढील. तो शिंपी होता. हाताने फिरवायची शिलाई मशीन तीनचाकी सायकलवर मागे बांधायचा आणि आठवडी बाजार करायचा. हातांनी पॅडल मारायचं, साखळी पुढच्या चाकाला, आणि ते चाक धरणारा जो चिमटा असतो त्याच्यावरच पॅडलचा आणि वळवायचा दांडा. तो चिमटा मानेत मोडायचा. शेडमधल्या अजयने दोनदा जोडून दिला होता. तिसऱ्यांदा लालसू बसच्या टपावर तीनचाकी टाकून आला, तेव्हा अजयने वर हाक मारली आणि इंदुताईंना खाली बोलावून घेतलं. जोडाला जोड लावून आता काही होणार नाही, असं त्याचं म्हणणं.

लालसू शेडच्या दारात पोत्यावर बसला होता. "जोहार बाई," म्हणाला. "मले नवा नको. मजबूत पायजे."

इंदुताईंनी मोडलेला चिमटा हातात घेतला. पोलाद फाटलं होतं तिथे दाण्यासारखी चमक होती. त्या तो वर घेऊन गेल्या, दिव्यानीच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे तुह्या मशीनले विचारून पाहू."

दिव्यानीने खुर्ची सरकवून त्यांनाच पुढे बसवलं. लालसूचं वजन, शिलाई मशीनचं वजन, कापडाचं गाठोडं, सगळं इंदुताईंनी भरलं. कॉम्प्युटरने थोडा वेळ घेतला आणि एक आकार पुढे केला. मोहाच्या झाडाची मुळं जमिनीतून उपटून उलटी धरावीत तसा. इंदुताई बघतच राहिल्या. सुंदर होता. पण तसलं काही अजयच्या शेडमध्ये होण्यातलं नव्हतं, आणि हे कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नव्हतं. दिव्यानीने ते सांगायची जागा दाखवली. तिथे इंदुताईंनी लिहिलं: नळी, पट्टी, कापणं, वेल्डिंग. बस. मग नव्याने आकार आले. साधे, पण ओळखीच्या चिमट्यांपेक्षा निराळे. त्यांतला सगळ्यात हलका इंदुताईंना इतका आवडला की त्यांनी दुसऱ्यांकडे पाहिलंही नाही.

अजयने तो बनवला. लालसू खूश होऊन गेला. इंदुताईंनी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

धान कापणीच्या सुमाराला फोन आला. चिमटा मोडला नव्हता, पण पिळला होता. चाक एका बाजूला तोंड करून बसलं होतं. लालसू तक्रार करत नव्हता. तो नुसतं सांगत होता की आता बाजारात जायचं झालं तर कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून जावं लागतं, आणि ट्रॅक्टरवाला निघेल तेव्हा निघावं लागतं.

इंदुताईंचं तोंड उतरलं. दिव्यानीने भार पुन्हा तपासला, आकडेमोड बरोबर होती. धनराजभाऊ म्हणाले की जाड नळी टाकून द्या पाठवून. इंदुताई म्हणाल्या, नाही, मी आधी तो रस्ता पाहते. धनराजभाऊंनी गाडी दिली. त्यांचं असंच होतं, बोलायला रोखठोक आणि द्यायला पुढे.

रविवारी इंदुताई आणि दिव्यानी दोघी निघाल्या. सूरजागडकडून खनिज घेऊन येणाऱ्या ट्रकांमागे लाल धूळ खात एटापल्ली गाठली, तिथून पुढे डांबर संपलं. लालसूच्या घरापासून बाजाराच्या रस्त्यापर्यंतची वाट ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल केली होती. दोन बाजूंना दोन चर आणि मध्ये मातीचा उंचवटा. तीनचाकीची मागची चाकं चरात, पुढचं एकटं चाक उंचवट्यावर.

लालसूची बायको बुधरी हिने दोघींना बाजेवर बसवलं, पाणी दिलं. पण इंदुताईंना दम कुठला. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "भाऊ, मले बसू द्या."

तीनचाकीला तात्पुरता जुनाच जोडलेला चिमटा लावला होता. इंदुताई बसल्या आणि हाताने पॅडल मारत निघाल्या. दहा-वीस हात बरं चाललं. मग पुढचं चाक उंचवट्यावरून घसरलं आणि चरात आडवं रुतलं. लालसू उंबऱ्यावर बसून बघत होता.

"दांडा ओढा बाई. दोन्ही हातांनी. आंग टाकून ओढा."

इंदुताईंनी अंग टाकून ओढलं. चाक हललं नाही, पण दांड्याखाली चिमटा करकरला आणि तो पीळ त्यांना खांद्यापर्यंत जाणवला. त्या तशाच थांबल्या. मग पुन्हा एकदा मुद्दाम ओढलं. दिव्यानी धावत आली, तिला वाटलं ताईंना काही झालं.

"वजनानं नाई मोडत हे," इंदुताई म्हणाल्या. "हा जे ओढून राह्यला, त्यानं मोडते. आपण ते सांगितलंच नाई कॉम्प्युटरले."

एवढं बोलून त्या उतरायला गेल्या आणि तीनचाकी कलंडली. इंदुताई धानाच्या धसकटात बसल्या. आधी बुधरी हसली, मग लालसू, मग त्या स्वतः इतक्या हसल्या की उठायला दिव्यानीचा हात लागला.

पुढचं डोकं दिव्यानीचं. तिने आपला मोबाइल चिमट्याला कापडाने घट्ट बांधला, त्यात धक्के मोजायचं ॲप चालू केलं आणि लालसूला नेहमीसारखं बाजारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. तो परत आला तेव्हा पडद्यावर त्या वाटेची सगळी आदळआपट उमटली होती. इंदुताईंनी लालसूला बसल्या जागी शेडमधून सोबत आणलेला तोलकाटा ओढायला लावला आणि त्याच्या दंडांचं बळही मोजून घेतलं. जेवायला बुधरीने भात आणि अंबाडीची भाजी वाढली. निघताना इंदुताईंनी लालसूचे पाय सीटवर नेमके कुठे टेकतात ते खडूने आखून फोटो काढला.

सोमवारी त्यांनी कॉम्प्युटरला नव्याने सगळं सांगितलं. वरून येणारा भार, आडवा धक्का, हातांचा पीळ. आधीचा हलका, देखणा आकार या खेपेला कुठेच आला नाही. जे आले त्यांत मानेपासून चाकाच्या आसापर्यंत दोन तिरप्या नळ्या मागे जात होत्या, आणि त्या नेमक्या लालसूच्या पायाला घासल्या असत्या. इंदुताईंनी पायाची जागा आखून दिली आणि तिथे काही यायचं नाही असं बजावलं. नळ्या वळल्या. मग शिलाई मशीन मागे ठेवली तर काय, सीटखाली ठेवली तर काय, हे बघत बसल्या. बोर्डावर असतं तर उन्हाळा उजाडला असता. इथे चहा व्हायच्या आत आठ-दहा तऱ्हा बघून झाल्या. शेवटी निवडला तो आकार ना सगळ्यात हलका होता, ना देखणा. जुन्या नांगरासारखा दिसायचा. तिरप्या नळ्यांचं टोक वेल्डिंगला अवघड जागी होतं. ते अजयच्या हाताला सोपं जावं म्हणून इंदुताईंनी स्वतः थोडं बाहेर घेतलं, आणि पुन्हा तपासून पाहिलं. चाललं.

ड्रॉइंग मात्र कॉम्प्युटरनेच मांडलं. इंदुताईंनी ते छापून हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. दोन आकडे एकमेकांना खेटले होते. त्यांनी ते सुटे केले आणि कागद खाली पाठवला. त्या संध्याकाळी स्कूटी काढताना त्यांचे डोळे भरून आले होते, हे खरं. हातातलं एक काम गेलं होतं, आणि ते कामच त्यांना सगळ्यात आवडायचं.

पण चिमटा टिकला. होळी झाली, मोहफुलं वेचून झाली, तरी लालसूचा तक्रारीचा फोन नाही. आला तो बुधरीचा. तिच्या माहेरच्या गावात एक बाई तशीच तीनचाकी वापरते, तिचंही चाक असंच वाकडं होऊन बसतं, तर काही होईल का, असं ती विचारत होती. इंदुताईंनी तिला ती बाई काय वाहून नेते, कुठून जाते, जोर किती लावते असं इतकं विचारलं की बुधरी कंटाळून म्हणाली, तुम्हीच या. धनराजभाऊंनी असल्या कामांसाठी शनिवारची दुपार दोघींना मोकळी करून दिली. ऑफिसच्या मोठ्या कामांतही कॉम्प्युटरला भार सांगायच्या आधी दिव्यानी आता जागेवर जाऊन येते, आणि सोबत ताईंना नेते.

मे महिन्यात दोघी त्या बाईच्या गावाला निघाल्या तेव्हा वाटेत एटापल्लीचा बाजार लागला. इंदुताईंनी गाडी थांबवली. चिंचेच्या सावलीत लालसूचं दुकान होतं. तीनचाकी उभी, तिच्यावरच मशीन, समोर चार बाया ब्लाउजची कापडं घेऊन. त्याने मान वर करून जोहार केला आणि शिवण्यात पुन्हा गुंतला. बोलायला त्याला वेळ नव्हता. इंदुताई वाकल्या, चिमट्याच्या मानेवरून बोट फिरवलं, नळ्यांचे जोड पाहिले, चाक थोडं हलवून बघितलं. मशीन डगमगली आणि शिवण वाकडी गेली.

लालसूने हात थांबवला. "बाई, गिऱ्हाईक उभे आहेत. काऊन हलवून राह्यल्या? बसा तिकडं, पाणी प्या."

"बसतो, बसतो," इंदुताई म्हणाल्या, आणि खरोखरच जाऊन बायांच्या रांगेत शेवटी बसल्या. दिव्यानीला त्यांनी शेजारच्या दुकानातून ब्लाउजपीस आणायला पाठवलं.