फौजदार मामी आणि माझा केक

फौजदार मामींनी आयुष्यात कुणालाही खटला चालवल्याशिवाय शिक्षा केली नाही. दुधात पाणी घालणारा गवळी असो की ओट्यावर थुंकणारा वाटसरू. आधी आरोप, मग साक्षीदार, मग जबानी आणि मग निकाल. निकाल अर्थात आरोपाच्याही आधी ठरलेला असे. त्यांचे यजमान फौजदार नव्हते. चिखलीच्या बाजारात त्यांचे सरकी-ढेपेचे दुकान होते, आणि ते गृहस्थ इतके मवाळ होते म्हणतात, की गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचे असले तरी घरी येऊन मामींना विचारून जात. ते गेल्यावर दुकान गेले, पण फौजदारी राहिली. ती पदवी मामींनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेली होती.

मी त्यांचा भाडेकरू. महाराष्ट्र राज्य नवे होते, माझी कचेरीतली नोकरी नवी होती, बायको नवी होती, आणि या तिन्हींपैकी एकाचेही कामकाज मला नीट समजलेले नव्हते. सामानाचा छकडा दारात उभा असतानाच मामींनी अटी ऐकवल्या. बाकीच्या मी विसरलो. एक विसरणे शक्य नव्हते.

“नागपंचमीले ह्या घरात चिरनं नाई, तळनं नाई, तवा नाई, अन् खननं नाई. मंजूर असन तर सामान उतरवा.”

“मंजूर,” मी म्हणालो. मला तर रोजच चिरणे-तळणे येत नव्हते.

“आधीच्या भाडेकरनीनं एक धिरडं टाकलं होतं,” मामी म्हणाल्या. “एकच. आता ते लोक मेहकरले राह्यतात.”

या अटीमागे नामदेवराव होते. मामींचा धाकटा, एकुलता एक भाऊ. तो सहा वर्षांचा असताना नागपंचमीच्या दिवशी त्याला शेतात जनावर डसले. त्या सकाळी आठ वर्षांच्या मामींनी खेळताखेळता विळीवर दोन भेंड्या चिरल्या होत्या. पोरगा वाचला, पण मामींच्या लेखी गुन्हेगार ठरला होता, आणि तो साप नव्हता. तेव्हापासून पन्नास वर्षे त्या दिवशी मामींनी विळीला हात लावला नाही. नामदेवराव दरवर्षी नागपंचमीला दुसरबीडहून अकराच्या एस.टी.ने येत, उकडलेली पुरणाची दिंडं खात आणि बहिणीला जिवंत चेहरा दाखवून परत जात.

आमची छकुली त्या घरात जन्मली आणि महिन्याभरात मामींची झाली. तिला झोप यायची ती मामींच्या मांडीवर. तिला दात आले ते मामींचा अंगठा चावायला. ती पहिल्यांदा उभी राहिली तीही मामींच्या लुगड्याचा काठ धरून, आणि काठ सुटल्यावर धपकन बसली तेव्हा मामींनी जमिनीला दोन चापट्या मारून शिक्षा केली. ही एकच शिक्षा त्यांनी बिनाखटल्याची केलेली मी पाहिली. तेव्हा खोली गेली तर नुसत्या चार भिंती जाणार नव्हत्या, हे मला आणि माझ्या बायकोला, सुमनला, पक्के ठाऊक होते. सुमनला ते जरा जास्त ठाऊक होते. कारण मामी नसतील तेव्हा पोरगी रात्रंदिवस तिच्याच कडेवर राहणार होती.

अशा सगळ्या सुखात मी केक करायचे ठरवले.

दोष आमच्या साहेबांचा. ते पुण्याकडचे. नव्या राज्याने त्यांना आणि आम्हाला एका टेबलाभोवती बसवले होते, आणि दोन्ही बाजू अजून एकमेकांचे बोलणे समजल्यासारखे दाखवत होत्या. छकुलीचा पहिला वाढदिवस आहे म्हटल्यावर ते म्हणाले, “मग केक वगैरे? की तुमच्याकडे भाकरीलाच साखर लावतात?” झाले! माझा वऱ्हाडी ताठा जागा झाला. मी म्हणालो, “केकच. आणि घरी केलेला. संध्याकाळी बाईसाहेबांना घेऊन याच.” केक मी त्यापूर्वी एका मासिकात पाहिला होता. काळ्या-पांढऱ्या चित्रात.

तारीख मी कचेरीतल्या इंग्रजी कॅलेंडरावर पाहून सांगितली होती. घरी येऊन सांगितल्यावर मामींनी आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले आणि माझ्याकडे वळल्या.

“बाबू, त्या दिवशी नागपंचमी हाय.”

“पण वाढदिवस त्याच तारखेला येतो, मामी.”

“वाढदिवस झाला की परवा! तिथीनं ओवाळलं, नवं झबलं घातलं, तुमी दोन वाट्या खीर खाल्ली. पोरगी किती खेपा एका वर्साची होनार हाय?”

साहेबांना आता ‘नका येऊ’ म्हणण्याइतका मी शूर नव्हतो. मग सरळ मार्ग काढला: केक आदल्या दिवशीच करून ठेवायचा. मासिकात अंडी सांगितली होती. ती या घरात वर्ज्य, म्हणून दही आणि खायचा सोडा घातला. पातेले चुलीवर चढवले, त्यात जर्मनचा डबा ठेवला, झाकणावर निखारे रचले आणि वाट पाहत बसलो. केक बाहेरून कोळसा झाला आणि आतून खीर राहिली. मामींनी तो हातात घेऊन उलटापालटा केला.

“गवरी चांगली थापली,” म्हणाल्या. “उन्हात ठेवा.”

चुकले काय ते शेजारच्या मास्तरांनी सांगितले: पातेल्यात रेतीचा थर हवा होता. पण मैदा संपलेला. तो मिळाला दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे ऐन नागपंचमीला. मामी बायकांबरोबर गावाबाहेर वारुळाला पुजायला निघाल्या होत्या. लाह्यांची टोपली घेऊन त्या कोपऱ्यावरून वळल्या आणि माझ्या मनात कायद्याचे विचार सुरू झाले. तवा नको, बरोबर. पण पातेले म्हणजे काही तवा नव्हे. तळणे नाही, चिरणे नाही. सुमन म्हणाली, “मी यात नाही.” आणि छकुलीला घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. खोली दहा फुटांची होती.

राहिली रेती. ती फक्त एका ठिकाणी होती: पडवीत मामींच्या माठाखाली. मी माठ न हलवता, हाताने, बाजूबाजूने उकरून चार ओंजळी काढल्या. माठ उभाच राहिला. मी स्वतःवर खूश झालो. ती रेती ओली आहे, हे माझ्या लक्षात आले नाही असे नाही. लक्षात आले, पण चुलीवर वाळेल असे वाटले.

केक चढला. पातेल्यातून वाफ निघू लागली. तेवढ्यात पडवीत माठ हळूच एका बाजूला कलला, जणू काही विचारायला वाकला, आणि फुटला. पाणी ओसरीवरून वाहत थेट दारापर्यंत गेले. ते मामींच्या पायाशी जाऊन थांबले. त्या परत आल्या होत्या.

मी आरोपाची वाट पाहिली. आरोप आला नाही. मामींनी फुटका माठ पाहिला, उकरलेली रेती पाहिली, झाकणावरचे निखारे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. त्या दारातल्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि रस्त्याकडे पाहू लागल्या.

अकराची गाडी आली. तिचा भोंगा आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येई. नामदेवराव आले नाहीत. साडेअकरा झाले. बारा झाले. मामींनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. छकुली रांगत गेली, त्यांच्या काठाला धरून उभी राहिली, ‘हं? हं?’ करून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. मामींनी तिला नुसती जवळ घेतली. मी या असल्या गोष्टी मानणारा माणूस नव्हे, असे कचेरीत नेहमी सांगत असे. बारा वाजून गेल्यावर मी मनातल्या मनात दुसरबीडच्या तमाम जनावरांची माफी मागायला सुरुवात केली.

“जा,” सुमन म्हणाली. “त्यांना शोधून आणा. एकटे आलात तर घरात घेणार नाही.”

मी सायकल काढली. स्टँडवर दुसरबीडची गाडी रिकामी उभी होती. कंडक्टरला विचारावे म्हणून शेजारच्या हॉटेलात शिरलो, आणि कोपऱ्यातल्या बाकावर पांढरा फेटा दिसला. नामदेवराव. समोर गरम भज्यांची प्लेट. बाजूला दोन रिकाम्या प्लेटा.

“नामदेवराव!”

ते दचकले. मग शांतपणे सरकून त्यांनी मला बाकावर जागा केली. “बसा राजेहो. कोनी पाठवलं?”

“मामी सकाळपासून उपाशी बसल्यात! मला वाटलं, तुम्हाला...”

“आज घाण्याले उशीर झाला,” ते हॉटेलवाल्याकडे रागाने पाहत म्हणाले. “नाहीतर दरसाल मी अर्ध्या घंट्यात आटपून घेतो. दिंडं चांगली करते ती. पन नुस्त्या उकडलेल्यावर दिवस काढनं म्हनजे, तुमीच सांगा. बाई मानूस हाय, तिले नाई समजत.”

मी माझे सांगितले. रेती, माठ, केक. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले.

“मंग असं करू,” ते म्हणाले. “तुमी मले पाह्यलं नाई, मी तुमचं ऐकलं नाई. माही अकराची गाडी चुकली होती.”

आम्ही घरी आलो. मामी उठल्या. त्यांनी भावाचे दोन्ही हात चाचपून पाहिले, पायांकडे पाहिले, मग त्याच्या खांद्यावर डोके टेकून लहान मुलीसारख्या रडल्या. मला भज्यांचा वास येत होता. रडण्यात त्यांना तो आला नाही. पण छकुलीला आला असावा. नामदेवरावांनी तिला मांडीवर घेतले, तिने बंडीच्या खिशात हात घातला आणि वर्तमानपत्राची एक तेलकट पुडी बाहेर ओढली. दोन भजी जमिनीवर घरंगळली.

मामींचे रडणे थांबले. फौजदारी परत आली. मला इतके बरे वाटले म्हणून सांगू!

“हे काय हाय, नामा?”

“भजं.”

“दरसाल खातं?”

“हाव.”

“किती सालापासून?”

“स्टँड झालं तवापासून.”

“अन् तुले काही झालं नाई?”

नामदेवराव प्रामाणिक माणूस. “थोडं जळजळते,” ते म्हणाले.

मामी बराच वेळ त्या भज्यांकडे पाहत बसल्या. मला वाटले, आता पन्नास वर्षांचा नेम मोडला. मामी म्हणाल्या, “म्हनजे पाह्य! तू खाऊन राह्यला अन् मी इथं पाळून राह्यली, म्हनून तू वाचून राह्यला. पुढच्या सालापासून मी मीठबी सोडते.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “रेती कोनं उकरली? साक्षीदार कोन हाय?”

साक्षीदार मांडीवर बसला होता, चार दातांचा. छकुली त्याच आठवड्यात बोट दाखवायला शिकली होती. कावळ्याला, कंदिलाला, कशालाही दाखवायची. त्या क्षणी तिने नेमके मला दाखवले.

“मामी,” मी शेवटचा बचाव मांडला, “तवा नव्हता.” आणि केक पुढे ठेवला. ओल्या रेतीच्या वाफेने तो पांढराफटक, ओलसर आणि गुबगुबीत झाला होता. मामींनी तो बोटाने दाबला. पुन्हा दाबला.

“हा भाजला कुठं? हा तर उकडलाच हाय,” त्या म्हणाल्या. “तव्याचा आरोप सुटला. खनल्याचा राह्यला. बाबू, खोली खाली करा.”

सुमनने छकुलीला घ्यायला हात पुढे केले.

“तुमी अन् सूनबाई. पोरगी राह्यते.”

“मी काय केलं?” सुमन ओरडली. “मी तर कोपऱ्यात बसले होते!”

“बरं, सूनबाईबी राह्यते.”

अशा रीतीने मी एकटा बेघर झालो. निकाल तीन दिवस अमलात होता. म्हणजे मामी मला जेवायला वाढत, पण ‘पाहुणे’ म्हणत.

संध्याकाळी साहेब आणि बाईसाहेब आले. सुरी मागायची हिंमत कुणाची? मामींनी केकसमोर छकुलीला बसवले आणि तिने दोन्ही मुठी त्यात खुपसल्या. साहेबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि थबकले. काहीतरी करकरले होते.

“हळू खा, साहेब,” मामी मोठ्या प्रेमाने म्हणाल्या. “त्यात आमच्या माठाखालची रेती हाय.”

साहेबांनी दुसरा तुकडा मागितला नाही. पण पुरणाची पाच दिंडं खाल्ली, आणि त्यानंतर कचेरीत भाकरीवर कधी बोलले नाहीत.

दोन वर्षांनी माझी बदली नांदुऱ्याला झाली. मामींना सांगितले तेव्हा त्या “हाव” म्हणाल्या आणि गहू निवडत राहिल्या. निघायच्या दिवसापर्यंत तेवढेच. ट्रक आला, सामान चढले. सुमन पाया पडायला गेली तर मामींनी आमच्या रिकाम्या खोलीतून जोरात हाक मारली.

“बाबू! ह्या भितीले खिळा कोनं ठोकला?”

तो खिळा त्यांच्या यजमानांनी ठोकलेला होता. लग्नातला फोटो तिथेच लागायचा, हे त्यांनीच मला सांगितले होते. मी तसे म्हणालो.

“मले शिकवता? भित खराब केली! असे भाडेकरू मी ठेवत नाई! आत्ताच्या आत्ता चालते व्हा!”

गल्ली गोळा झाली. मी भांबावून उभा होतो. सुमनने माझा दंड घट्ट धरला आणि कानात म्हणाली, “भांडा. त्यांना भाडेकरू फक्त काढता येतो, निरोप देऊन पाठवता येत नाही. भांडा, नाहीतर त्या रडतील.”

मग मीही तोंड सोडले. जन्मात भांडलो नसेन असा भांडलो. म्हणालो, भिंत आधीच पोचलेली होती, छप्पर गळते, तुमच्यासारखी घरमालकीण उभ्या जिल्ह्यात नाही. मामी म्हणाल्या, तुमच्यासारखा नालायक मानूस मी पाह्यला नाई. छकुली मामींच्या कडेवरून ट्रकमध्ये आली ती या आरडाओरड्यातच. ती खूश होऊन टाळ्या पिटत होती. ट्रक हलला तरी मामी ओट्यावर उभ्या राहून हातवारे करत होत्या, आणि मी मागे वाकून ओरडत होतो, वळण येईपर्यंत, आणि वळणानंतरही थोडा वेळ.

ड्रायव्हरने सगळे ऐकले होते. “बरं झालं राजेहो,” तो म्हणाला, “अशा बाईच्या तावडीतून सुटले.”

मी नुसती मान हलवली. आवाज बसला होता. इतके भांडल्यावर कुणाचाही बसेल.