आठ वाजताची पाणबुडी

केबलचा धंदा बंद केला की माणसाकडे काय उरतं? तारा भंगारात जातात, गिऱ्हाईक छतावर डिश लावून मोकळं होतं, आणि उरतात ते फोनवर ऐकलेले किस्से. ते तर भंगारवालाही घेत नाही! मित्र जमले की म्हणतात, "सांग ना गा, तुझ्या त्या पाणबुडीचं सांग." मी सांगतो. ते हसतात. मला मात्र दर वेळी थोडं कमी हसू येतं.

मी गोंदियाजवळच्या कुडव्यात केबल चालवायचो. कंट्रोल रूम म्हणजे आमच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. आत मशीन, इन्व्हर्टर आणि एक फोन. बाकीच्या चॅनेलसोबत आमचं एक घरचं चॅनेल होतं. त्यावर मी रोज संध्याकाळी हिंदी पिक्चर लावायचो आणि लोक सुखात होते.

मग एकदा नागपूरला एका दुकानात मला सीडींचा गठ्ठा दिसला. जुनी विलायती मालिका, ब्लॅक अँड व्हाइट, हिंदीत डब केलेली. महायुद्धातल्या पाणबुड्यांची. दर भागात एक बोट समुद्राखाली जायची आणि ती वर येते की नाही, ते अगदी शेवटी कळायचं. पहिला भाग मी दुकानात उभ्यानंच पाहिला आणि गोंदियाची गाडी चुकवली. एवढी भारी गोष्ट आपल्या लोकांना दाखवलीच पाहिजे, ही दुर्बुद्धी मला तिथेच सुचली. पिक्चर बंद करून मी रोज आठ वाजता पाणबुडी लावायला लागलो.

*

पहिल्याच दिवशी फोन थांबेना.

"भाऊ, टीव्हीचा कलर गेला!"

"कलर नाही गेला, मालिकाच ब्लॅक अँड व्हाइट आहे."

"बाकीच्या चॅनेलवर आहे ना कलर? मग तुमच्याच चॅनेलचा काऊन गेला?"

अर्ध्या लोकांनी तर फोनही केला नाही. त्यांनी टीव्हीला वरून दोन थापा मारल्या, तरी रंग येईना, म्हणून सकाळी टीव्ही उचलून बाजारातल्या मेकॅनिककडे नेला. त्याच्या दुकानासमोर टीव्हींची रांग लागली. आठवडाभराने तो स्वतः पेढे घेऊन गच्चीवर आला.

"भैया, ऐसी सीरियल और है क्या?"

त्या मालिकेबद्दल मला मिळालेली ही पहिली शाबासकी. आणि खरं सांगायचं तर शेवटचीही.

*

आमच्या गल्लीत पटले गुरुजी राहायचे. शाळेतून रिटायर झालेले. मला वाटलं, निदान यांना तरी कदर असेल. सलग चार-पाच भाग त्यांनी मन लावून पाहिले आणि एका सकाळी मला रस्त्यात अडवलं.

"एक सांग. यातले आपले कोण?"

"आपलं कोणीच नाही, गुरुजी. दोन्हीकडून विलायतीच आहेत."

गुरुजींनी बराच विचार केला.

"मग बुडू दे ना! मी कायले जीव मुठीत धरून बसलो रोज?"

आणि त्या दिवसापासून ते आठ वाजता जेवायला बसू लागले.

*

आवाजाचा किस्सा तर माझ्या जिव्हारी लागला.

एका भागात वर शत्रूचं जहाज उभं असतं आणि खाली पाणबुडी. वरचे लोक कानाला यंत्र लावून ऐकत असतात. खाली चमचा जरी पडला तरी सगळे मेले! म्हणून बोटीतला एकही माणूस बोलत नाही. नुसते घामाने थबथबलेले चेहरे. मालिकेतला सगळ्यात भारी प्रसंग, माझ्या अंगावर काटा आलेला, आणि स्क्रीनच्या खालच्या पट्टीत आमची जाहिरात धावते आहे, "लग्नकार्यासाठी बँड व डीजे मिळेल."

फोन वाजला. "भाऊ, आवाज नाही येऊन राहिला."

ठेवला की दुसरा. मग तिसरा. एक जण तर ऐकायलाच तयार नव्हता. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. वर शत्रू आहे, तो ऐकतो आहे, म्हणून हे गप्प आहेत.

तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण आमी कनेक्शन घेतलं आहे ना? हळू बोला म्हणा, पण बोला म्हणा!"

*

माझा मेहुणा सडक अर्जुनीचा. हायवेवर ट्रक चालवणारा माणूस. आमच्याकडे मुक्कामाला आला की त्यालाही बळजबरीने पाणबुडी बघावी लागायची. कॅप्टन पाण्यावरचं बघायच्या नळीला डोळा लावून चारी बाजूंनी फिरतो, ते त्याने बराच वेळ पाहिलं.

"भाऊजी, याले आरसा नाही, हॉर्न नाही, लाईट नाही. कोणी समोरून आला त कसा कळेल?"

"नाहीच कळत कधीकधी."

"मग घरून निघतेतच कायले?"

मी त्याच्यासमोर चहा सरकवला.

*

ही मालिका एक माणूस मात्र रोज, न चुकता बघत होतं. कटरे काकू.

काकूंचा मुलगा नरेश नेव्हीत होता. त्यातही पाणबुडीवर. आमच्या भागात समुद्र सहलीला गेलेल्या माणसानेच पाहिलेला, आणि हा पोरगा त्या समुद्राच्याही खाली! काका नव्हते. काकू एकट्या राहायच्या. बोट किनाऱ्याला असली की नरेशचा फोन यायचा. बोट खाली गेली की काही नाही. कुठे गेली, कधी येणार, तो सांगायचा नाही, त्याला सांगता यायचं नाही. त्या दिवसांत काकू फोनच्या खोलीतच झोपायच्या.

मालिका सुरू झाल्यावर त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मी रंगाबद्दलच बोलायला लागलो.

"रंगाचं राहू दे, बाबू. मले एक सांग. त्या बोटीत आंघोळीले पाणी राहते का?"

"काकू, ही जुन्या काळची बोट आहे. आता सगळं नवीन असतं."

"जुनी त जुनी. झोपायची जागा त दिसली. एवढी अरुंद! अन् नरेश लहानपणी पलंगावरून पडे."

मग त्यांनी स्वतःच सांगितलं. पोरगा सुट्टीत येतो, खातो, झोपतो, आत काय असतं ते विचारलं तर "चांगलं असते, आई" एवढंच म्हणतो. "तो काही सांगत नाही. तुझ्या टीव्हीवरच मले दिसून राहिलं तो कसा राहते."

त्या दिवशी मला वाटलं, लावली ती मालिका वाया गेली नाही. आता वाटतं, लावलीच नसती तर बरं झालं असतं.

*

घरची प्रतिक्रियाही सांगून टाकतो. बायको त्या मालिकेवर पहिल्या दिवसापासून खार खाऊन होती. त्यात एकही बाई नव्हती हे तिचं पहिलं दुखणं. "एवढे माणसं एका घरात, अन् स्वयंपाक कोण करते?"

मी म्हटलं, त्यांच्यात स्वयंपाकीही असतो.

"त्या कॅप्टनची बायको कुठी आहे? तिले दाखवत नाही काऊन?"

"ती घरी असेल, तिचं काय दाखवायचं?"

बायकोने भाकरी तव्यावर टाकली. "बरोबर आहे. तुमी त्या गच्चीवर दार लावून बसता, आत जिवंत आहा का नाही, मले खाली काही पत्ता नाही. माझंही काय दाखवायचं?"

जेवून वर गेलो तेव्हा गच्चीवरचं दार मी उघडंच ठेवलं.

*

मग आलं भारनियमन. त्या दिवसांत लाईट जायची नाही, लाईट कधीमधी यायची! आणि आमच्या कुडव्यात तर रस्त्याच्या अलीकडचा विजेचा फीडर वेगळा, पलीकडचा वेगळा. अलीकडे अंधार असताना पलीकडे पंखे फिरायचे. अलीकडची लाईट जायची तीही नेमकी सव्वाआठच्या सुमाराला, बोट पाण्याखाली असताना.

कंट्रोल रूमचा इन्व्हर्टर चालू असायचा, म्हणून शेवट काय झाला ते मला माहीत असायचं. लोक फोन करून विचारायला लागले. ज्यांनी मालिकेला शिव्या घातल्या, तेही विचारायचे. अर्धवट सुटलेली गोष्ट कोणाला झोपू देते?

एकदा चौकातल्या, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून देणाऱ्या पानठेल्यावरून फोन आला. "भाऊ, लवकर सांगा. दोन पार्ट्या आहेत इथे, खर्र्याची शर्त लागली. कोणाची बोट बुडली?"

"दोन्ही बुडाल्या."

तिकडे एकदम गलका झाला. मग ठेलेवाला रडवेल्या सुरात म्हणाला, "मग खर्रा कोण देईल?"

माणसं मेली त्याचं काही नाही. खर्रा कोण देईल! मी कपाळाला हात लावला.

काकूंचं घर रस्त्याच्या अलीकडचं, अंधाराच्या बाजूचं. त्यांचाही फोन यायचा, पण सगळ्यांचे येऊन गेल्यावर, उशिरा.

"बाबू, लाईट गेली गा. बोट आली का वर?"

बाकी सगळ्यांना मी खरं सांगायचो. काकूंना सांगायचो, "आली, काकू."

कधी ती खरंच आलेली असायची. बहुतेक वेळा नाही. त्या मालिकेत परत येणाऱ्या बोटी फार थोड्या होत्या. पण एकट्या बाईला अंधारात फोनवर काय सांगणार? आपलं खोटं कोणाला कळणार आहे, लाईट तर नाहीच, असा माझा हिशोब.

*

त्या वर्षी नरेशचा फोन दसऱ्याला आला नाही. दिवाळीलाही आला नाही. इतके दिवस कधीच गेले नव्हते. काकूंनी नागपूरच्या एका माणसाकरवी चौकशी केली. उत्तर आलं, बोट कामावर आहे, काळजी करू नका. यापलीकडे कोणी काही सांगेना.

आणि माझ्याकडे मालिकेचा शेवटचा भाग उरला होता.

तो मी आधी पाहून ठेवलेला. ज्या कॅप्टनला लोक पहिल्या भागापासून ओळखत होते, त्याचीच बोट. तळाशी जाऊन बसते. आतली माणसं पत्र्यावर ठोकत राहतात, मग ठोकणं कमी होतं, मग थांबतं. वर नुसतं पाणी. संपलं.

लावूच नये असं वाटत होतं. सीडी खराब झाली म्हणून सांगावं आणि पिक्चर लावावा. पण पानठेल्यावर शर्ती लागल्या होत्या, गुरुजीसुद्धा म्हणाले, "शेवट पाहतो मी." सगळे मागेच लागले. शेवटी मनाशी म्हटलं, काकूंकडे लाईट जाणारच आहे. लावली.

सव्वाआठच्या सुमाराला अलीकडची लाईट गेली. मला हायसं वाटलं. लाईट गेली म्हणून खूश झालेला केबलवाला अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असेन!

भाग संपला. मी मशीन बंद केली. पहिला फोन आला तो रस्त्यापलीकडच्या रहांगडाले वहिनींचा. त्यांचं घर काकूंच्या अगदी समोर, उजेडाच्या बाजूला.

"भाऊ, संपली ना तुमची ते सीरियल एकदाची? आता काही चांगलं लावा. रडवलं बापा, सगळ्यायले मारून टाकलं. अन् त्या काकूले त मी म्हटलं होतं, आज नोका पाहू."

"कोणत्या काकूंना?"

"कटरे काकूले. त्यायच्याकडची लाईट जाते ना, मग आमच्याच घरी येऊन बसतेत. रोज. एक भाग नाही सोडला, शेवटपर्यंत पाहतेत. आज पूर्ण पाहिलं, काही बोलल्या नाही, पदर सावरला अन् निघाल्या. रस्त्यावर अंधार आहे, म्हणून मी दारात बॅटरी धरून उभी आहो. हं, पोचल्या घरी. ठेवते, भाऊ."

मी रिसीव्हर खाली ठेवला. हात तिथेच होता. फोन पुन्हा वाजला.

"बाबू, लाईट गेली होती गा. बोट आली का वर?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बाबू?"

"आली, काकू."

"सगळे?"

"सगळे."

"बरं," काकू म्हणाल्या. आणि जरा थांबून, "उद्याही सांगजो, बाबू."