कंबरेएवढी शेती

मुरबाडहून म्हशाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची म्हाताऱ्यांची वसाहत आहे. तारेच्या कुंपणापलीकडं लोकांची भातशेती आणि अलीकडं आमची. आमची शेती म्हणजे विटांच्या, कंबरेएवढ्या उंच पेट्या. आत लाल माती, शेणखत आणि नारळाचा भुसा. म्हाताऱ्या माणसाला वाकावं लागू नये म्हणून वाफाच उचलून त्याच्या पोटाशी आणून ठेवलेला. सगळे त्याला 'बेड' म्हणतात. 'माझा बेड आज फार सुकलाय' असं कुणी म्हटलं की मला अजूनही आधी दवाखाना आठवतो.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली, पुढं जन्मभर तेलाच्या गिरणीत राबलो. छातीचं दुखणं निघाल्यावर मुलगा म्हणाला, गावात डॉक्टर नाही, माझ्या डोंबिवलीच्या घरात जागा नाही, तुम्ही दोघं तिथं राहा. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन त्यानं ही सोय केली. ते मी विसरत नाही. वसाहतीचे उपकार तर त्याहून मोठे. आल्या आल्याच पुन्हा कळ आली तेव्हा बागसमितीच्या अध्यक्षांनी मला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. बँकेतून निवृत्त झालेले साहेब. म्हणून आता जे लिहितोय ते मी कधी कुणाच्या तोंडावर बोललो नाही. पण त्या पेट्यांतला खेळ बघून मला शेती या शब्दाचीच कीव यायची.

अध्यक्षसाहेब हातमोजे घालून कोथिंबीर उपटायचे. एक काकडी आली की आधी काकडीचा फोटो, मग काकडी धरलेल्या साहेबांचा, मग साहेबांच्या मंडळींचा काकडीसकट, असे ते ग्रुपवर यायचे आणि खाली सगळे हात जोडायचे. चार भेंड्या निघाल्या तर त्या भोजनगृहात जायच्या. जेवताना जाहीर व्हायचं की आजच्या भाजीत अमक्यांच्या बेडची भेंडी आहे, आणि अख्खी पंगत आपापल्या ताटात ती शोधत बसायची. आमच्या शेजारची पेटी एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची. त्या टोमॅटोला गाणी ऐकवायच्या. टोमॅटो सुपारीएवढेच राहिले.

पाणी घालायच्या पाळ्या ठरलेल्या. श्रावणात धो धो पाऊस पडत असताना एक गृहस्थ एका हातात छत्री आणि एका हातात झारी घेऊन वांग्यांना पाणी घालताना मी या डोळ्यांनी बघितलेत. मी म्हणलं, "साहेब, पाऊस पडायलाय."

ते म्हणाले, "हो, पण आज माझा टर्न आहे ना."

पलीकडं चिखलात उभ्या असलेल्या बाया हे सगळं बघायच्या. त्यातली एक मला म्हणाली, "ओ बाबा, तुमची शेती टेबलावर का? बरं हाय. आमाला पन एक टेबल द्या, आमची पन कंबर दुखते."

मी हसलो आणि लगेच मागं वळून बघितलं, अध्यक्षांनी ऐकलं तर नाही ना.

हे सगळं मी मजेत सोसलं असतं. पण बायकोचं मन इथं लागत नव्हतं. आल्यापासून ती जेवायची, टीव्हीपुढं बसायची आणि एकच वाक्य बोलायची, "दिवाळी झाली की म्या जाते. तुमाला यायचं तर या." बोलली की करणारी बाई. गावात तिचा भाऊ आहे, तिला घर होतं. मला मात्र डॉक्टरांनी दवाखान्यापासून लांब जाऊ नका असं बजावलेलं. म्हणजे ती तिकडं आणि मी इकडं. उतारवयात हे बरं दिसत नाही, असं मी तिला सांगायचो. तिच्याविना मला एक दिवस निभणार नाही, हे काही सांगितलं नाही.

पावसाळा लागल्यावर तिनं आमच्या रिकाम्या पेटीत अंबाडीचं बी टाकलं, गावाकडून आणलेलं. अंबाडी आमच्याकडं शेताच्या कडेनं असते. पाल्याची आंबट भाजी, वर लसणाची फोडणी, सालीचे दोर. तिचे गुडघे गेलेले, जमिनीवर बसता येत नाही. पण पेटीपाशी ती सकाळभर उभी राहायची, कोवळे शेंडे खुडायची आणि झाडांशी नाही, माझ्याशी बोलायची. पेटीचा एवढा एक उपयोग मी मान्य करतो.

अंबाडी डोक्याच्या वर गेली. तिची खालची पानं साधी असतात, वरची पंजासारखी फाटलेली. गणपती उठले आणि एका सकाळी अध्यक्ष आणि शेजारच्या मुख्याध्यापिका बाई आमच्या दारात. अध्यक्षांचा आवाज एकदम खाली.

"काका, रागावू नका. तुमच्या बेडमध्ये जे वाढलंय त्याचा फोटो आम्ही नेटवर टाकून बघितला. तो गांजा आहे."

मी आयुष्यात बिडी ओढली नाही. तोंडातून पहिलं काय निघालं, तर "मुलाला कळवू नका."

बायको बाहेर आली. "काय म्हणायलेत?"

"आपली अंबाडी गांजा हाय म्हणतेत."

तिनं दोघांकडं नीट बघून घेतलं. "बाई, तुमी अंबाडीची भाजी कधी खाल्ली नाय का?"

"खाल्लीये ना, कितीदा तरी," बाई म्हणाल्या. "पण ती जुडी असते. हे झाड आहे."

"मग जुडी काय कारखान्यात बनती का?"

तिनं पान खुडून अध्यक्षांपुढं धरलं, चावून बघा म्हणून. ते म्हणाले, "नको, मला बीपी आहे." शेवटी माळ्याला हाक मारली. तो जवळच्याच गावचा. त्यानं पान चघळलं, डोळे बारीक केले. "नाय साहेब, गांजा नाय. आंबट हाय."

एवढ्यावर माणसानं माफी मागून जावं. अध्यक्षांना नियम आठवला. पेटीपासून दोन हातांच्या वर पीक चालत नाही, बाईंच्या टोमॅटोवर सावली पडते, दिवाळीपर्यंत काढून टाका.

झालं, मला वाटलं. दिवाळीला झाडंही जाणार आणि हीही. संध्याकाळी घाबरत घाबरत विचारलं, "काढू का उद्याच?"

"काय काढता? कळ्या धरलेत. बी धरल्याबिगर कुणी अंबाडी काढतं का?"

"पण तू तर दिवाळीला जाणार."

तिनं टीव्ही बंद केला. "उभं पीक टाकून कशी जाऊ? बोंडं वाळू द्या, मग बघू."

आमच्याकडं उभं पीक टाकून कुणी लग्नालाही मुक्कामी जात नाही. हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडं गेलो आणि आयुष्यात बोललो नाही इतकं गोड बोललो. तुमच्यासारखी बाग तालुक्यात नाही म्हणालो. काकडीची चौकशी केली. साहेब विरघळले. बी निघेपर्यंत अंबाडी राहू दे, पण तुम्हीही पाणी घालायच्या पाळीत या, म्हणाले. आलो. गृहस्थाची ती झारी आता आलटून पालटून माझ्याही हातात असते, आणि बायाबापड्या कुंपणापलीकडून मलाही हसतात.

दिवाळी गेली. ती गेली नाही. बोंडं वाळत चालली तशी माझी झोप उडाली. पौषातली म्हशाची जत्रा जवळ आली आणि तिनं झाडं कापून ओट्यावर बडवायला घेतली. पेटी उघडी पडली. पण त्याच्या आधीच मी, ती दुपारची झोपलेली बघून, झाडांच्या मधून लसणाच्या पाकळ्या खोचून ठेवल्या होत्या.

तिनं मातीत बोट घातलं आणि थांबली. "हे कुणी लावलं?"

"माळ्यानं लावलं असेल."

"शेंडा खाली करून? माळी असा लसूण लावत नसतो. हे गिरणीतल्या माणसाचं काम हाय."

तिनं एकेक पाकळी उपटली, सुलटी करून परत लावली आणि मला पाणी आणायला पाठवलं. लसूण निघायला उन्हाळा उजाडतो. त्याच्या कडेनं, तो निघायच्या आत, चवळी टाकायचं मी ठरवून ठेवलंय. पेटी एक दिवसही रिकामी राहता कामा नये.

बाकी त्या पेट्यांबद्दलचं माझं मत आहे तेच आहे. काल बाईंनी माझा आणि झारीचा फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले.