डब्यावरची बारीक अक्षरं

मांजराच्या खाण्याच्या दुकानात मी अर्धा तास उभा होतो. चष्मा कपाळावर आणि दोन्ही हातांत एकेक डबा. एकात प्रथिनं जास्त, दुसऱ्यात मीठ कमी. ट्यूना म्हणवणाऱ्या डब्यात तर मासा यादीत चौथा, पाण्याच्याही मागे. आमच्या मनीचं मूत्रपिंड थकलंय, डॉक्टरांनी मीठ कमी द्यायला सांगितलंय. दहावीला मी रसायनशास्त्र इतकं मन लावून वाचलं नव्हतं.

"काका, मांजर नवीन आणलंय का?" दुकानदाराने शेवटी विचारलं.

"नाही. वडिलांचं आहे."

नाना असंच पापडाचं पाकीट हात लांब करून धरायचे. मीठ त्यांनाही कमीच सांगितलं होतं. "बघ रे, मीठ किती लिहिलंय? मला दिसत नाही." मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, "सगळे सारखेच असतात हो नाना. खा बिनधास्त." ते खायचे आणि तुकडा मनीला टाकायचे. नानांना जाऊन आता वर्ष होईल. वाचायच्या दोन ओळीच तर होत्या.

घरी बायकोने डबा उलटसुलट पाहिला. "मांजरासाठी एवढं वाचलंत," ती म्हणाली आणि डबा ओट्यावर ठेवला.

मनीने बशी नुसती हुंगली आणि नानांच्या खुर्चीखाली जाऊन वर बघत बसली. मी बशी तिथे सरकवली. मग डबा हातात घेतला आणि त्यावरचं सगळं मोठ्याने वाचलं, मिठाची ओळ आली तेव्हा जरा सावकाश.