हार्पवाल्या बाईंची दोन बोलकी पेडलं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हार्पवाल्या बाई एकविसावी तार जुळवत होत्या. तारा सत्तेचाळीस, म्हणून वाद्यवृंदात त्यांचं टोपणनावही ‘सत्तेचाळीस’च. तालीमघरात दुसरं कुणी नव्हतं. सूर तपासायला त्यांनी डाव्या पायाने पेडल दाबलं. ते खाली गेलं, खाचेत बसलं, आणि आवाजच आला नाही. बाईंनी उरलेली सहाही दाबून पाहिली. सातही मुकी.

दुसऱ्या कुठल्याही हार्पवादकाला याचा आनंद झाला असता. हार्पच्या पायथ्याशी सात पेडलं असतात. ती वर-खाली केली की तारांचे सूर अर्ध्या स्वराने बदलतात. पेडल ज्या खाचांत बसतं तिथे फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड अस्तर असतं. ते झिजलं की पाय हलवताच ठक्क वाजतं. बाईंनी गेली बारा वर्षं ते मुद्दाम झिजू दिलं होतं.

त्यांच्या वाट्याला हार्प आला तो शाळेत त्या उंच होत्या म्हणून. शाळेतल्या संगीताच्या बाईंना ते अवजड वाद्य वर्गातून सभागृहात नेणारं कुणीतरी हवं होतं. दोन महिने ढकलगाडी झाल्यावर त्या म्हणाल्या, ढकलतेसच तर वाजवूनही बघ. वर्षभरात मुलीने तारांमधून वर्तमानपत्राची पट्टी ओवून त्यातून गुणगुण काढली. वडिलांना शाळेत बोलावणं गेलं. वडील नाटकाचे देखावे बनवणाऱ्या कारखान्यात सुतार. त्यांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि मुलीला एवढंच विचारलं की जाड कागद लावला तर काय होतं?

पुढे वाद्यवृंदात नोकरी लागली. पहिल्याच मोसमात, सगळे श्वास रोखून बसलेल्या जागी, बाईंचं पेडल निसटलं आणि ठक्क वाजलं. संचालकांनी मध्यंतरात सुनावलं, “तुम्हाला हातांसाठी घेतलंय, पायांसाठी नाही.”

बाईंना तो अपमान लागला नाही. ठक्क मात्र आवडला. त्यांनी एक वही केली. हे पेडल कपाटाच्या दारासारखं, ते खोक्याच्या झाकणासारखं, अशा नोंदी साठत गेल्या आणि त्यातून नऊ मिनिटांची रचना झाली: हात तारांवर, पाय तालावर. कार्यक्रम समितीने ती दोनदा नाकारली. दोन्ही वेळचा शेरा एकच होता, ‘खडखडाट’. समिती एक रचना तीनदाच ऐकते. तिसरी वेळ आज अकरा वाजता होती.

आणि आज पेडलं गप्प. वाद्याची दुरुस्ती करणारा माणूस एकच, बाईंचा मोठा भाऊ. बाईंनी फोन लावला.

“दादा, काल तू माझ्या हार्पला हात लावलास?”

“हात? सगळं फेल्ट नवं घातलं,” तो अभिमानाने म्हणाला. “समितीसमोर आपल्या घराण्याचा खडखडाट नको म्हटलं. तुला सांगितलं असतं तर तू दरवर्षीसारखं राहू दे म्हणाली असतीस.”

रचना म्हणजे काय, हे बाईंनी भावाला कधी सांगितलंच नव्हतं. तो वाद्यं दुरुस्त करतो, ऐकत नाही. आता त्यांनी अडीच मिनिटांत सगळं सांगितलं.  मग त्याने विचारलं की फेल्टखालचा डिंक सुकलाय का.

डिंक सुकला होता. भाऊ सव्वाआठला अवजारांची पेटी घेऊन आला, हार्प आडवा केला, तळ उघडला. खाचेला ओरखडा न पाडता अस्तर काढायला एका पेडलला तास लागतो. म्हणजे दोनच जमणार होती. बाईंनी डावीकडचं मधलं आणि उजवीकडचं शेवटचं निवडलं, आणि बाजूला बसून वहीतले पाच पेडलांचे ठोके पेन्सिलीने खोडत गेल्या. नऊपैकी तीन मिनिटं उडाली. भाऊ खाली वाकून खरवडत पुटपुटला की लहानपणी तुझी बाहुली मोडली तेव्हाही इतकी शिक्षा झाली नव्हती.

“तेव्हा तू ती मुद्दाम मोडली होतीस,” बाई म्हणाल्या.

अकराला समितीचे पाच जण समोर बसले. संचालक तेच, आता केस पांढरे. बाईंनी वाजवायला घेतलं. तारांचा सूर वाहत होता आणि त्याखालून मधूनच एक ठोका येई. बऱ्याच वेळाने दुसरा, थोडा खोल. मधल्या जागा रिकाम्या. रचना सहा मिनिटांत संपली.

संचालकांनी विचारलं की काय बदललं. बाईंनी भावाचा पराक्रम जसाच्या तसा सांगितला. मागच्या रांगेत भाऊ पेटीमागे तोंड लपवून बसला होता.

“आधी सातही पेडलं एकदम बोलायची,” संचालक म्हणाले. “आज पायांचं ऐकू आलं.”

पाचपैकी चार हात वर झाले. शनिवारच्या मैफलीत रचना मध्यंतरापूर्वी होणार, असं चिटणिसांनी लिहून घेतलं. बाहेर येताच भाऊ म्हणाला की म्हणजे हे माझ्यामुळेच झालं. बाईंनी त्याच्या हातातली पेटी काढून घेतली. शनिवारपर्यंत ती त्यांच्या घरी राहील.

उद्या तालीम दहाला आहे. बाई साडेआठला येतील आणि तारा जुळवतील. पाच पेडलांचं नवं फेल्ट जागेवरच आहे.