धुराच्या बाजूची खुर्ची

आमच्या तळ्यावर आर्डिस क्वामला सगळे शेकोटीवाली म्हणत. तोंडावर नाही, मागून. पण तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. हाडापेराने मोठी, केस पुरुषी कापलेले, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावर गळ टाकून बसलेला माणूस दचकायचा. काउंटीच्या पार्कात उन्हाळाभर ती आपल्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहायची. येणाऱ्यांना तंबूच्या जागा दाखवायची, कुत्री मोकळी सोडणाऱ्यांना झापायची, आणि शनिवारी संध्याकाळी पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर शेकोटी पेटवायची.

शेकोटीचे दगड तिच्या नवऱ्याने, हार्लनने रचलेले. हार्लन जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. हिवाळ्यात ती गावात बहिणीच्या मागच्या खोलीत राहायची आणि कुढायची. शनिवारची शेकोटी मात्र तिची होती. कुठकुठून आलेली कुटुंबं घडीच्या खुर्च्या घेऊन त्या दगडांभोवती बसायची. ज्या पोरांना तिने मार्शमेलो न जाळता भाजायला शिकवलं, ती आता टक्कल पडलेले बाप होऊन आपली पोरं आणायची.

संध्याकाळचा वारा आमच्याकडे तळ्यावरून डोंगराकडे जातो. त्यामुळे डोंगराकडची बाजू धुराची, तिथे कुणी बसायचं नाही. आर्डिसची खुर्ची नेमकी तिथेच. लाकडं आत सारायला तीच बाजू सोयीची, असं तिचं म्हणणं. खोकायची, डोळे पुसायची, पण हलायची नाही.

"अगं, इकडे ये की. तिथे बसून धुरी कशाला घेतेस?" मी एकदा म्हटलं.

"तू लाकडं वीक, व्हर्न. जाळायचं माझं मी बघते."

हो, लाकडं मी विकायचो. पार्काच्या फाटकाशी माझं दुकान आहे. गळाला लावायचे किडे, बर्फ आणि लाकडाच्या मोळ्या. त्यामुळे काउंटीने वणव्यापासून बचावाचा आराखडा करायला समिती नेमली आणि तिच्यात आर्डिसबरोबर मलाही घेतलं, तेव्हा माझं मत काय असणार हे गावाने आधीच ठरवून टाकलं. गावाचं चुकलं नव्हतं.

आराखडा हवा होता, हे मात्र मीही नाकारत नाही. पार्कात यायला-जायला एकच रस्ता, तोही पाइनच्या दाट झाडीतून. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात पलीकडची डोंगररांग पेटली होती आणि आमच्या होड्यांवर राख पडत होती. त्याच उन्हाळ्यात आर्डिसच्या शेकोटीची एक ठिणगी उडून वरच्या वाळक्या गवतात पडली. डेलने धावत जाऊन बुटाने चिरडली. डेल म्हणजे तिच्या बहिणीचा मुलगा, आमच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. त्यावर तो कुणाकडे काही बोलला नाही. आर्डिसही बोलली नाही, पण त्यानंतर शेकोटीशी पाण्याच्या बादल्या दिसायला लागल्या.

बैठका अग्निशमन दलाच्या शेडमध्ये व्हायच्या. वनखात्याने कोरीन बॅस्टेडो नावाची एक तरुण बाई पाठवली होती. शांत, ऐकून घेणारी. झाडांच्या खालच्या फांद्या छाटायच्या, ट्रेलर तोंड रस्त्याकडे करून लावायचे, हे पटापट ठरलं. गाडी अडली ती एका प्रश्नावर. रस्ताच बंद झाला तर माणसांनी जायचं कुठे? जिथे जळण्यासारखं काही नाही अशी मोठी उघडी जागा हवी, शक्यतो पाण्याजवळ. खेळाच्या मैदानात जुलैमध्ये वाळलेलं गवत. होड्या उतरवायच्या धक्क्यावर पेट्रोलचे डबे लादलेल्या गाड्या.

मग कोरीन आर्डिसला घेऊन सगळं पार्क पायी फिरली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मीही मागोमाग गेलो. शेवटी आम्ही टोकावर आलो. कोरीन खाली बसली आणि तिने जमीन बोटाने उकरायचा प्रयत्न केला. उकरली जाईना.

"इथे गवत कसं नाही?" तिने विचारलं.

"माणसं बसतात ना," आर्डिस म्हणाली. "पोरं नाचतात. इतकी वर्षं तुडवल्यावर कुठलं गवत येणार?"

कोरीन उठून तीन बाजूंचं पाणी बघत राहिली. "आर्डिसबाई, जागा सापडली. तुमचीच आहे."

आर्डिस इतकी खूश झाली की तिने मलासुद्धा कॉफी पाजली.

ती खुशी पुढच्या बैठकीपर्यंतच टिकली. कोरीनने त्या दिवशी उरलेला भाग मांडला. जूनच्या मध्यापासून हिवाळ्याआधीचा थंड पाऊस सुरू होईपर्यंत पार्कात उघडी शेकोटी नको. एकही नको. त्या टोकावरचीसुद्धा नको, कारण वारा ठिणग्या थेट डोंगराकडे नेतो.

"म्हणजे माझ्या पोटावर पाय," मी म्हटलं.

"तू बर्फ वीक," डेल म्हणाला. "उन्हाळ्यात लाकडापेक्षा बर्फच जास्त खपतो, दर वर्षी तूच सांगतोस." सगळे हसले. मग तो आर्डिसकडे वळला आणि त्याचा आवाज बदलला. "मावशी, बंदी आम्ही लिहू, पाट्या लावू. पण तुझी शेकोटी पेटलेली दिसली की प्रत्येक तंबूपुढे एकेक पेटणार. आणि तूच बंद केलीस तर कुणाची हिंमत होणार नाही. तुझा हात वर नसेल तर मी हे पुढे नेणार नाही."

आर्डिसने हाताची घडी घातली.

"सोपं आहे रे तुम्हाला," ती म्हणाली. "घरी बायका आहेत, नातवंडं आहेत. माझ्याकडे लोक येतात ते शेकोटीला येतात. ती नसेल तर माझ्याजवळ कोण येऊन बसणार आहे? एक म्हातारी आणि तिचा ट्रेलर, ते बघायला?"

कोरीनने घसा खाकरला.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "लोक यायचे थांबले तर दोन-तीन उन्हाळ्यांत तिथेही गवत वाढेल. मग ती जागा सुरक्षित राहणार नाही. शेकोटी नको, पण माणसं हवीतच."

"काउंटी खडी टाकेल की," कुणीतरी म्हणालं.

"काउंटी?" आर्डिस उसळली. "संडासाला दार बसवायला दोन वर्षं लावली त्या काउंटीने!"

मग तिने डेलकडे पाहिलं. ती ठिणगी दोघांनाही आठवली असणार. तिने हात वर केला. मीही हात वर केला. तिने केल्यावर माझी काय टाप होती?

बंदीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी दुकान लवकर बंद केलं. टोकावर गेलो तर आर्डिस एकटीच. दगडांमधली राख झाडून स्वच्छ केलेली, शेजारी कॉफीचा मोठा थर्मास आणि कापडाखाली झाकलेला सफरचंदाचा केक. चांगले कपडे घातले होते तिने. आपल्या नेहमीच्या जागी बसून ती तंबूंकडच्या वाटेकडे बघत होती, आणि मी बघतोय म्हटल्यावर तळ्याकडे बघायला लागली.

"मोठा केक केलास," मी म्हटलं.

"उरला तर तू विकशील."

मी तळ्याच्या बाजूला, माझ्या जागी बसलो. मला मनापासून वाईट वाटत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

मग खुर्च्यांचा खडखडाट ऐकू आला. टक्कल पडलेल्यांपैकी एक जण, बायको, पोरं. त्यांच्यामागून दुसरं कुटुंब. डेल आला, गणवेश न घालता. माणसं येतच राहिली. कुणी कणसं आणली होती, कुणी माउथ ऑर्गन. जो तो येऊन खुर्ची उघडायचा, क्षणभर थांबून वारा कुठून येतोय ते बघायचा आणि मग बसायचा. पोरं मधल्या मोकळ्या जागेत धुडगूस घालायला लागली. आर्डिसने त्यांना झापलं नाही. उलट म्हणाली, "नाचा, चांगले पाय आपटा."

अंधारायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढी माणसं, बसायला जागा कमी पडत होती, दुसरी रांग सुरू झाली होती, आणि डोंगराकडची बाजू मोकळीच होती. दगडांमध्ये साधी काडीही पेटलेली नव्हती, तरी धुराच्या बाजूला कुणी बसलेलं नव्हतं. तिथे फक्त आर्डिस. इतकी वर्षं ती तशी एकटीच बसत आली होती आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं.

मी उठलो, खुर्ची उचलली आणि पलीकडे जाऊन तिच्या शेजारी टेकवली.

"इकडे कशाला मरायला आलास?" ती म्हणाली. "इकडे धूर येतो."

मग तिने दगडांकडे पाहिलं.

"येऊ दे," मी म्हटलं आणि बसलो. समोर डेलनेही आपली खुर्ची उचलली.