पाहुण्यांच्या पंगतीत बायको

वाटाड्या शहरातली पोरं डोंगर चढवून आणतो, ती आमच्या घरी मुक्काम करतात. परवा त्यातली एक पोरगी म्हणाली, "आजी, तुम्हीपण बसा, नाहीतर मी जेवत नाही." आमच्यात पाहुण्यांबरोबर घरची बाई जेवत नाही, हे मी ठणकावून सांगितलं. पोरगी हटेना. पाहुणा उपाशी नको, म्हणून मीच बायकोला म्हणालो, "बस."

ती समोर बसली. भाकरी आमटीत पार कुस्करून एकाच गालानं चघळायला लागली. मी हबकलो. या डोंगरातला दगड न् दगड मला ठाऊक आहे, पण हिला जेवताना मी आजवर बघितलंच नव्हतं.

"त्या बाजूचे दात कधी गेले?"

"झाली की लई वर्षं. तुम्ही जेवून उठता तवा मी बसते. तुम्हाला कुठनं दिसणार?"